ट्रकवरच्या ज्वाळा आणि विसरलेले स्वभाव

खेळणी विकायला काढलेल्या कार्टूनवरचा चित्रपट, त्याच्याकडून अपेक्षा तरी कसल्या ठेवायच्या? ‘ट्रान्सफॉर्मर्स’च्या चाहत्यांना हा टोमणा २००७ पासून ऐकवला जातो आहे. मायकल बे यांचा चित्रपट त्या वर्षी जुलैत अमेरिकेत लागला. पण वाहनांत बदलणाऱ्या या रोबोटांची पहिली चित्रं बाहेर आली तेव्हापासूनच जुन्या कार्टूनवर वाढलेल्या मंडळींनी आकाशपाताळ एक केलं होतं. नायक ऑप्टिमस प्राइमच्या ट्रकवर ज्वाळा कशाला रंगवल्या? त्याला ओठ कशाला दिले? बम्बलबी फोक्सवॅगनची बीटल सोडून शेव्हरोलेची कॅमारो का झाला? खलनायक मेगाट्रॉनचं पिस्तूल का होत नाही? चित्रपटाने जगभरात सत्तर कोटी डॉलरहून अधिक कमावले आणि हे सगळे प्रश्न पोरकटपणाच्या खात्यात जमा झाले. तिशीतले बाप्ये पत्र्याच्या रंगावरून रडतात, एवढंच त्या गदारोळाचं वर्णन उरलं. हे वर्णन सोयीचं आहे, पण खरं नाही. त्या गदारोळात दोन तक्रारी एकमेकींत मिसळल्या होत्या. एक रूपाची, दुसरी स्वभावाची. पहिली बहुतांशी चुकीची होती आणि काळानेच ती निकालात काढली. दुसरी तेव्हाही बरोबर होती, आजही आहे. पहिलीची टिंगल करता करता दुसरीला उत्तर देणं मात्र सगळ्यांनी टाळलं.

आधी जाहिरातीचा आक्षेप घेऊ. कार्टून ही जाहिरातच होती, यात वाद नाही. जपानच्या टाकारा कंपनीची ‘डायाक्लोन’ आणि ‘मायक्रोमॅन’ या मालिकांतली खेळणी अमेरिकेच्या हॅसब्रोने घेतली, १९८४ मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या एका नावाखाली बाजारात आणली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात दूरचित्रवाणीवर कार्टून सुरू केलं. रेगन यांच्या काळात अमेरिकेतल्या प्रसारणाचे नियम सैल झाले नसते, तर अर्ध्या अर्ध्या तासाची अशी जाहिरात मुलांपुढे इतक्या बिनदिक्कत आली नसती. त्यावर तिथल्या पालकांच्या संघटनांनी केलेली टीकाही रास्त होती. पण एखाद्या गोष्टीचा उगम कळला म्हणजे ती गोष्ट कळली, असं होत नाही. ‘डायाक्लोन’मधला रोबोट हे नुसतं यंत्र होतं, त्यात बसून ते चालवणारा चिमुकला माणूस खेळण्यासोबत मिळे. हॅसब्रोने तो चालक काढून टाकला आणि यंत्राच्या आत दुसरं कुणीतरी असणं भाग पडलं. ते काम मार्व्हल कॉमिक्सकडे गेलं. तिथल्या बॉब बुडियान्स्की यांनी बहुतेक रोबोटांना नावं दिली आणि प्रत्येकाचा स्वभाव थोडक्यात लिहून काढला. खेळण्याच्या खोक्यामागे तो मजकूर छापलेला असे आणि त्याच्याजवळ रंगीत रेघोट्यांचा एक गिचमिड आलेख. सोबत मिळणारी लाल पारदर्शक पट्टी आलेखावर धरली, की गिचमिडीतून एकेक गुण वाचता येई: ताकद, बुद्धी, वेग, सहनशक्ती, हुद्दा, धैर्य, मारा, कौशल्य. सनस्ट्रीकर स्वतःच्याच देखणेपणावर लुब्ध आहे, हफरला घरची ओढ लागली आहे म्हणून तो सारखा कुरकुरतो, मिराजला हे युद्ध मनापासून पटलेलं नाही आणि स्टारस्क्रीमचा डोळा मेगाट्रॉनच्या गादीवर आहे, हे मुलांना त्या मजकुरातून कळे. ताकद आणि धैर्य वेगवेगळं मोजायचं असतं, एवढं सात-आठ वर्षांच्या मुलाला सांगणारी जाहिरात नुसती जाहिरात राहत नाही.

याचा पुरावा खुद्द कंपनीच्याच हातून घडला. १९८६ च्या ऑगस्टमध्ये त्याच कार्टूनचा मोठ्या पडद्यावरचा अवतार आला, ‘द ट्रान्सफॉर्मर्स: द मूव्ही’. तेव्हा पहिली खेळणी दुकानांतून जायची होती आणि नवी यायची होती. हिशेब सरळ होता, जुना माल पडद्यावरच संपवायचा. आयर्नहाइड, प्राउल, रॅचेट सुरुवातीलाच मारले गेले आणि पाठोपाठ ऑप्टिमस प्राइमही गेला. आज चाहत्यांना हसणाऱ्यांचं जे मत आहे, की ती तर फक्त खेळणी होती, तेच मत या चित्रपटामागच्या लोकांचं होतं, आणि त्यांनी ते कृतीत आणून पाहिलं. मुलं थिएटरात रडली, पालकांच्या तक्रारी आल्या. धसका असा बसला, की हॅसब्रोच्याच ‘जी. आय. जो’वरच्या चित्रपटात मरणार असलेला ड्यूक हा नायक ऐन वेळी वाचवण्यात आला. त्याच्या कोसळण्याचं दृश्य तसंच ठेवून तो कोमात गेल्याचं एक वाक्य नुसतं आवाजात घुसडलं. १९८७ मध्ये ऑप्टिमसलाही कार्टूनमध्ये परत आणावं लागलं. मुलांना केवळ खेळणी हवी असती, तर जुन्या ट्रकच्या बदल्यात चकचकीत नवा नायक मिळाल्यावर ती खूश व्हायला हवी होती. तो नायक, रॉडिमस प्राइम, कंपनीने समोर आणून उभा केलाच होता. मुलांनी त्याला ऑप्टिमसच्या जागी बसू दिलं नाही. ‘फक्त खेळणी’ हा सिद्धांत १९८६ मध्ये बाजाराच्याच कसोटीवर पडलेला आहे. तो २००७ मध्ये पुन्हा वापरणाऱ्यांनी हा इतिहास तरी चाळायला हवा होता.

आता बे यांच्या चित्रपटावरच्या तक्रारी एकेक करून पाहू. रूपाच्या तक्रारींत फारसा दम नव्हता, हे चाहत्यांनी मान्य करावं. कार्टूनमधला मेगाट्रॉन अवाढव्य रोबोटाचं हातात मावणारं पिस्तूल होई आणि त्याचा एवढा देह कुठे जातो हे कुणी विचारत नसे. खऱ्या रस्त्यांवर, खऱ्या माणसांच्या शेजारी उभा करायचा रोबोट असा वाटेल तेव्हा आकसला, तर त्याच्या वजनावर कुणाचा विश्वास बसणार? रोबोटाचा आकार वाहनाच्या आकाराशी जुळला पाहिजे, असं ठरल्यावर मेगाट्रॉनचं पिस्तूल गेलं आणि ऑप्टिमसला चपट्या नाकाच्या ट्रकऐवजी लांब नाकाचा पीटरबिल्ट मिळाला. पिवळी बीटल पाहिली की प्रेक्षकांना डिस्नेच्या चित्रपटांतल्या हर्बीची आठवण येईल, हे बे यांचं कारणही पटण्यासारखं होतं. ओठ अभिनयासाठी दिले होते, आणि ज्वाळा तर निव्वळ नक्षी. या भांडणाचा निकाल बम्बलबीने लावला. चित्रपटात सर्वांत जास्त बदललेला रोबोट तोच. गाडी बदलली, आकार बदलला, कार्टूनमध्ये बोलका असलेला हा गडी चक्क मुका झाला. तरीही प्रेक्षकांनी जीव लावला तो त्यालाच. रेडिओवरच्या गाण्यांचे आणि कार्यक्रमांचे तुकडे जोडून तो बोलतो, त्या तुकड्यांच्या निवडीतून त्याचा खट्याळपणा दिसतो, चित्रपटातला मुलगा सॅम विटविकी याच्यावरची माया दिसते. पुढे २०१८ मध्ये स्वतंत्र चित्रपट निघाला, तोही त्याच्याच नावाने. रूप पार बदललं तरी चालतं, आत कुणीतरी असलं म्हणजे झालं, हे बे यांच्या चित्रपटानेच दाखवून दिलं.

आणि म्हणूनच बाकीच्यांच्या बाबतीत जे झालं त्याला सबब उरत नाही. एकशे चव्वेचाळीस मिनिटांच्या या चित्रपटात ऑप्टिमस पहिल्यांदा उभा राहतो तेव्हा बराच वेळ उलटून गेलेला असतो. डिसेप्टिकॉन, म्हणजे मेगाट्रॉनच्या बाजूचे रोबोट, तर बहुतेक वेळ एकाच करड्या रंगाच्या पात्यांचा ढीग वाटतात. हलत्या कॅमेऱ्यात कुणी कुणाला मारलं हे कळायला दृश्य पुन्हा पाहावं लागतं. स्टारस्क्रीम हा सगळ्या कार्टूनमधला सर्वांत रंगतदार बदमाश. दर थोड्या दिवसांनी धन्याविरुद्ध कट करायचा, तोंडावर आपटायचं आणि पुन्हा त्याच्याच पायाशी लोळण घ्यायची, हा त्याचा खाक्या. चित्रपटात तो विमान आहे, आणखी फारसं काही नाही. एकदा मेगाट्रॉन त्याला अपयशी म्हणून झापतो, तेवढीच जुन्या नात्याची खूण. सर्वांत बोलका पुरावा मात्र एका उपशीर्षकात आहे. डिसेप्टिकॉन आपल्या भाषेत एकामागून एक हजेरी देतात, तेव्हा रणगाडा झालेल्याचं नाव पडद्यावर ‘डिव्हास्टेटर’ असं येतं. त्याच रोबोटाच्या खेळण्यावर नाव होतं ‘ब्रॉल’. डिव्हास्टेटर कार्टूनमध्ये वेगळाच होता, बांधकामाच्या यंत्रांचे रोबोट एकत्र जोडले की उभा राहणारा राक्षस. दोन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या चित्रपटात त्याच नावाने तो आलाही. ही चूक फक्त चाहत्यांना दिसली आणि त्यांना किरकिरे ठरवलं गेलं. पण बाकी कुणालाच ती का दिसू नये? त्या रोबोटाला स्वतःचं असं काहीच नव्हतं, म्हणून त्याला कुणाचंही नाव चिकटवता आलं. जॅझचंही तेच. चित्रपटात मरणारा तो एकटाच ऑटोबॉट, म्हणजे ऑप्टिमसच्या बाजूचा रोबोट. मेगाट्रॉन त्याचे दोन तुकडे करतो, आणि एक सोबती गेला पण नवे मिळाले अशा अर्थाचं वाक्य बोलून ऑप्टिमस पुढे सरकतो. १९८६ मध्ये एका मरणाने थिएटर रडलं होतं. इथे अनेकांना कोण मेलं हे बाहेर आल्यावरही सांगता आलं नसतं.

यावर उत्तर ठरलेलं आहे. चित्रपट एका मुलाचा आणि त्याच्या पहिल्या गाडीचा आहे. डझनभर रोबोटांचे स्वभाव रंगवायला त्यात जागा कुठून आणणार? पण कार्टूनच्या एका भागाला जाहिराती वगळता बावीस मिनिटांच्या आसपासच वेळ मिळे, रोबोट तेवढेच असत, चित्रं घाईत काढलेली असत आणि रंग चुकलेले असत. तरी स्टारस्क्रीमने एक वाक्य उच्चारलं की तो कोण हे कळे. स्वभाव दाखवायला मिनिटं लागत नाहीत, लिहिणाऱ्याला तो माहीत असावा लागतो. तांत्रिक करामतीत हा चित्रपट कुठेही कमी नव्हता. आयएलएम या दृश्यपरिणाम करणाऱ्या कंपनीच्या कलाकारांनी एकट्या ऑप्टिमसची प्रतिमा दहा हजारांहून जास्त सुट्या भागांतून जुळवली, प्रत्येक भाग ट्रकमधून निघून रोबोटात कुठे बसतो हे ठरवलं, आणि त्या कामाला ऑस्करचं नामांकन मिळालं ते योग्यच झालं. एवढी मेहनत धातूवर घेणाऱ्यांनी तिच्या शतांशाइतकी मेहनत डिसेप्टिकॉनांच्या तोंडच्या वाक्यांवर घेतली असती, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

निर्मात्यांनी चाहत्यांचं एक मोठं म्हणणं ऐकलं, तेही तपासण्यासारखं आहे. ऑप्टिमसचा आवाज कार्टूनमधल्या पीटर कलन यांचाच हवा, असा चाहत्यांनी धोशा लावला आणि तो मान्य झाला. कलन यांनी हा आवाज घडवला तो व्हिएतनाममध्ये लढलेल्या आपल्या भावाच्या बोलण्यावरून. अधिकार आहे पण आरडाओरडा नाही, बळ आहे पण ते आवरून धरलेलं, ही त्या आवाजाची घडण. स्वातंत्र्य हा प्रत्येक जाणत्या जिवाचा हक्क आहे, हे ऑप्टिमसचं मूळचं ब्रीदवाक्यही २००७ च्या चित्रपटात आलं. चाहत्यांच्या मागण्या म्हणजे नुसते लाड असतील, तर पहिल्या चित्रपटात रोबोटांच्या बाजूने जे थोडंफार काळजाला भिडतं ते नेमकं याच मागणीतून का यावं? पण पुढे काय झालं पाहा. २००९ मध्ये हाच ऑप्टिमस शत्रूचा चेहरा उपटतो. २०११ मध्ये शस्त्र गळून पडलेला, गयावया करणारा आपलाच जुना नेता सेंटिनेल प्राइम समोर असताना तो त्याला गोळी घालतो. युद्धाने माणूस कठोर होतो, तसा नायकही होईल, असं कुणी म्हणेल. होऊ दे की. पण मग त्या बदलाची कुणीतरी दखल घ्यायला हवी. एखाद्या सोबत्याने नजर चुकवायला हवी, निदान संगीताने तरी विजयाची तुतारी फुंकू नये. चित्रपटांना असं काही घडलं आहे याचा पत्ताच नाही. आवाज राखला आणि त्या आवाजातला माणूस सोडून दिला. चाहत्यांनी हे तेव्हाच सांगितलं होतं. ही तक्रार रंगाची होती का?

चाहते कशालाही विरोध करतात आणि मग निमूट स्वीकारतात, असा आणखी एक आक्षेप आहे. दाखला दिला जातो ‘बीस्ट वॉर्स’चा. १९९६ मध्ये संगणकावर केलेलं हे कार्टून आलं तेव्हा ट्रक जाऊन गोरिला आला होता, गाड्यांच्या जागी चित्ता, गेंडा आणि उंदीर आले होते. ‘ट्रक हवा, माकड नको’ अशी ओरड झाली. आज ती ओरड चाहतेच एकमेकांना चिडवायला वापरतात. काही वर्षांत तेच कार्टून त्यांच्या आवडीच्या यादीत अगदी वर जाऊन बसलं. आक्षेप घेणाऱ्यांना हा दाखला आपल्या बाजूचा वाटतो, पण तो नेमका उलटा आहे. ‘बीस्ट वॉर्स’ने रूप शंभर टक्के बदललं, बे यांच्याहून कितीतरी जास्त. ते स्वीकारलं गेलं ते डायनोबॉटसारख्या पात्रांमुळे. शत्रूच्या गोटातून फुटून आलेला, दोन्हीकडे परका ठरलेला, आपलं भविष्य आधीच लिहिलेलं आहे का या प्रश्नाने पोखरलेला हा योद्धा शेवटी माणसाच्या आदिम पूर्वजांना वाचवताना एकटा लढून मरतो. त्या भागासमोर ट्रक की माकड हा वाद आपोआप गळून पडला. २००७ च्या चित्रपटाला तर त्याहून जास्त वर्षं मिळाली आहेत. ज्वाळांची सवय झाली, ओठांचीही झाली. डिसेप्टिकॉन एकमेकांपासून ओळखू येत नाहीत, ही तक्रार मात्र जिथल्या तिथे आहे. म्हणजे काळाने चाहत्यांच्या तक्रारी चाळल्या आहेत. चाळणीतून काय खाली गेलं आणि वर काय उरलं, एवढंच प्रामाणिकपणे पाहायचं.

आता गल्ल्याचं बोलू, कारण अखेरचा हुकमी एक्का तोच असतो. २०११ आणि २०१४ च्या चित्रपटांनी प्रत्येकी शंभर कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. उलट चाहत्यांच्या मनासारखे निघालेले चित्रपट मागे पडले. ट्रॅव्हिस नाइट यांच्या ‘बम्बलबी’ने बीटल परत आणली, रोबोटांच्या सायबरट्रॉन या ग्रहावरची जुनी रूपं परत आणली, समीक्षकांची वाहवा मिळवली आणि पन्नास कोटींच्या आतच थांबला. २०२४ चा ‘ट्रान्सफॉर्मर्स वन’ ऑप्टिमस आणि मेगाट्रॉन यांची मैत्री कशी तुटली हे समजावून सांगतो, संपूर्ण मालिकेत स्वभावांवर सर्वांत जास्त मेहनत त्यानेच घेतली आहे, आणि तो आपटला. हे आकडे खरे आहेत आणि ते चाहत्यांच्या बाजूचे नाहीत. पण ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहेत? किती लोक आले, याचं. रूपांतर चांगलं झालं का, हा प्रश्न वेगळा, आणि चाहत्यांनी वाद घातला होता तो त्यावर. गल्ल्यालाच साक्षीला बोलवायचं, तर त्याची पूर्ण साक्ष ऐकावी. २०१४ मध्ये शंभर कोटींच्या वर गेलेली मालिका २०१७ च्या ‘द लास्ट नाइट’ला साठ कोटींपर्यंत घसरली, बे यांच्याच हातात असताना, बीटल परत येण्याच्या आधीच. नंतरच्या चांगल्या चित्रपटांच्या वाट्याला त्या घसरणीनंतरचा प्रेक्षक आला. शिवाय खेळण्यांवरचा चित्रपट असाच असायचा, हे म्हणणं २०२३ मध्ये ‘बार्बी’ने पुरतं मोडीत काढलं. मॅटेलच्या बाहुलीवर ग्रेटा गर्विग यांनी विचार करणारा चित्रपट काढला आणि त्याने ट्रान्सफॉर्मर्सच्या कुठल्याही चित्रपटापेक्षा जास्त पैसा मिळवला.

एवढं म्हटल्यावर चाहत्यांनाही चार शब्द सुनवायला हवेत, कारण आपल्या खटल्याचं सर्वांत जास्त नुकसान त्यांनीच केलं. आमचं बालपण उद्ध्वस्त केलं, हे त्यांचं पालुपद. काही जण तर त्यासाठी अत्याचाराची भाषा वापरत आणि ती किळसवाणी होती. कुणाचंही बालपण उद्ध्वस्त झालं नाही. जुन्या कार्टूनचे ९८ भाग होते तसेच आहेत. आणि ऑप्टिमसवर चाहत्यांची मालकी नाही. पण ज्याची मालकी आहे तो तरी हात झटकू शकतो का? कलन यांचा आवाज, जुनी नावं, जुनं ब्रीदवाक्य हे सगळं चित्रपटात का घेतलं? लोकांच्या आठवणीत त्याला किंमत होती म्हणूनच. आठवणीच्या जोरावर तिकीट विकायचं आणि त्याच आठवणीने प्रश्न विचारला की ‘ती खेळणी होती’ म्हणायचं, हा दुटप्पीपणा आहे. प्रश्न विचारायला मालकी लागत नाही. मूळ कलाकृती नीट पाहिलेली असावी लागते, आणि ती अट चाहत्यांइतकी कुणीच पुरी केलेली नव्हती.

तेव्हा हा वाद पुढे न्यायचा असेल तर त्याला एक साधी कसोटी लावावी. चित्रपटातल्या रोबोटांची वाक्यं कागदावर उतरवायची, नावं झाकायची आणि कोणतं वाक्य कुणाचं हे ओळखता येतं का ते पाहायचं. ज्या चित्रपटात ते ओळखता येतं, त्याने ट्रकवर ज्वाळा रंगवल्या काय किंवा फुलं रंगवली काय, चाहत्यांनी गप्प बसावं. ज्यात ओळखता येत नाही, त्याच्या निर्मात्यांनी दहा हजार भागांचा आणि शंभर कोटींचा हिशेब पुढे न करता या एका प्रश्नाचं उत्तर द्यावं. १९८४ मध्ये खोक्याच्या पाठीवर, खेळणं खपवण्यासाठी, जे काम थोडक्या शब्दांत झालं होतं, ते कोट्यवधी डॉलरच्या पटकथेला का जमू नये?